फोन हरवलाय? आधी रिंग, मग कुलूप, मग सिम

म्हापसा मार्केटमध्ये माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचं सॉकेट ही रोजची कामं. पण शुक्रवारच्या बाजारात, जत्रा-फेस्तांच्या दिवसांत आणि डिसेंबर उजाडला की दुरुस्तीशी संबंध नसलेलं एक काम हटकून काउंटरवर येतं. कुणाचा तरी फोन गेलेला असतो. येणाऱ्याला फोन परत हवा असतो, ते साहजिकच आहे. मला मात्र आधी त्याचा नंबर आणि बँकेतलं खातं वाचवायचं असतं. फोन हप्त्यावरही नवा मिळतो, खात्यातून गेलेले पैसे मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो.

खालचा क्रम अनेकांना काउंटरवर बसवून पाळलेला आहे. फुकट आणि दोन मिनिटांत होणारं आधी, कागदपत्रं आणि खेपा लागणारं नंतर. बहुतेक जण क्रम उलटा करतात. कुणी घाबरून सिम बंद करतो आणि मग नकाशावर फोन शोधायला बसतो. कुणी दोन दिवस नुसता नकाशाच बघत राहतो आणि सिम चालूच ठेवतो. दोन्हींत नुकसान होतं.

लक्षणं: नंबर लावल्यावर काय होतं?

दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावा आणि नीट ऐका. अर्धं निदान इथेच होतं.

रिंग पूर्ण वाजते, कुणी उचलत नाही. हे चांगलं लक्षण. फोन बहुधा कुठेतरी पडून आहे: स्कूटरच्या डिकीत, पुढच्या कप्प्यात, भाजीच्या पिशवीत, मित्राच्या गाडीच्या सीटखाली.

रिंग वाजता वाजता मध्येच तुटते. फोन कुणाच्या तरी हातात आहे आणि त्याला बोलायचं नाही. हे चोरीच्या बाजूचं लक्षण धरा.

लगेच ‘स्विच ऑफ’ ऐकू येतं. आता बॅटरी किती होती ते आठवा. पाच टक्के असेल तर फोन आपोआप बंद झालेला असू शकतो. घरातून निघताना पूर्ण चार्ज होता आणि तासाभरात बंद लागतोय, तर तो कुणीतरी बंद केलाय.

‘नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येतं. गोव्यात एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. चोर्ला घाट, मोले, सत्तरीतले आतले गाव, कोकण रेल्वेचे बोगदे, सगळीकडे रेंज जाते. फोन पाण्यात पडला तरी हीच सूचना येऊ शकते. अर्ध्या तासाने पुन्हा लावा, पण तोवर पुढच्या पायऱ्या थांबवू नका.

कुणीतरी उचलतो आणि फोन सापडल्याचं सांगतो. अशी माणसं खूप आहेत, मी पाहिलेली आहेत. भेटायची जागा मात्र उजेडाची आणि वर्दळीची ठरवा. बसस्थानक, पोलीस स्टेशन, देवळाचं कार्यालय चालेल. फोन उघडायला म्हणून पिन मागितला तर देऊ नका. फोन परत द्यायला पिन लागत नाही.

तुमचा हँडसेट बंद दिसतो, पण नंबर चालू लागतो आणि उचलणारा अनोळखी असतो. तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलेलं आहे. सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच. बाकी सगळं सोडून सरळ सिमच्या पायरीवर जा.

खात्यातून पैसे गेल्याचं मेलवर किंवा पासबुकात दिसतं. इथे एकच काम: १९३० ला फोन. तपशील पुढे आहे.

पहिली तपासणी: जागेवर थांबा आणि फोन वाजवा

खर्च शून्य. शेवटचा फोन कुठे वापरला ते आठवा. यूपीआयने पैसे कुठे दिले, फोटो कुठे काढला? पैसे दिलेल्या दुकानापासून उलटं चालत या. मासळी बाजारात, फुलांच्या रांगेत, गाड्यावर फोन बाजूला ठेवून पिशवी उचलली जाते आणि फोन तिथेच राहतो. विकणाऱ्या बायका तो बाजूला काढून ठेवतात आणि मालकाच्या रिंगची वाट बघतात. म्हणून बॅटरी संपायच्या आत वाजवणं महत्त्वाचं.

खासगी बसमध्ये राहिला असेल तर बस तुमच्याकडेच परत येणार आहे. म्हापसा-पणजी किंवा फोंडा-पणजी मार्गावरची गाडी दिवसभर त्याच फेऱ्या मारते. स्थानकावर उभं राहून दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगा. गाडीचं नाव आणि सुटण्याची वेळ सांगितली की ते एकमेकांना फोन करतात. कदंबची, म्हणजे सरकारी गाडी असेल तर तिकीट जपून ठेवा आणि स्थानकावरच्या नियंत्रकाला दाखवा. रेल्वेत राहिला असेल तर १३९ वर लगेच कळवा. गाडी क्रमांक, डबा आणि बर्थ सांगितला तर पुढच्या स्टेशनवर कुणीतरी बघू शकतं. थिवीला उतरलेल्या माणसाला मडगावपर्यंत धावण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

फोन सायलेंटवर असेल तर साध्या रिंगचा उपयोग नाही. त्यासाठी पुढची पायरी.

दुसरी तपासणी: नकाशा

अँड्रॉइडसाठी गूगलची ‘फाइंड हब’ सोय आहे. मे २०२५ पर्यंत तिचं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं. कुठल्याही फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश फाइंड’ उघडा आणि हरवलेल्या फोनमधल्या जीमेलने आत जा. घरच्याच्या फोनवर फाइंड हब ॲप असेल तर त्यात पाहुणा म्हणूनही लॉगिन करता येतं. आयफोनला ‘आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड’. सॅमसंगवाल्यांना ‘स्मार्टथिंग्ज फाइंड’ हा आणखी एक मार्ग, पण त्यासाठी फोनमध्ये सॅमसंगचं खातं उघडलेलं असावं लागतं.

इथे अडायचं ते लोक नकाशावर अडत नाहीत, लॉगिनवर अडतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की जरा सविस्तर सांगतो.

पहिला अडथळा: आपला जीमेल कुठला तेच माहीत नसतं. कळंगुटचे एक टॅक्सीवाले काका आले होते. फोन घेताना मुलाने खातं उघडून दिलं होतं, मुलगा दुबईला. काकांना फक्त नंबर पाठ. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये त्या माणसाचा मेल लिहिलेला आहे का बघा, कधी त्यांनी कुणाला मेलवर फोटो पाठवलाय का शोधा, लाइट बिल किंवा गॅसची पावती कुठल्या मेलवर येते ते पाहा. काकांचा पत्ता लागला तो मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर. तिथे ते खातं आधीपासून उघडंच होतं आणि पासवर्डही लागला नाही.

दुसरा अडथळा: पासवर्ड बरोबर आहे, पण गूगल म्हणतं, तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेत ‘होय’ दाबा. फोनच तर गेलाय. त्या पडद्यावर ‘दुसरा मार्ग वापरा’ असं लिहिलेलं असतं, ते दाबा. बॅकअप कोड काढून ठेवले असतील तर तिथे चालतात. घरातल्या एखाद्या टॅबवर किंवा संगणकावर तेच खातं चालू असेल तर तिथून प्रयत्न करा, कारण ओळखीच्या उपकरणाला गूगल कमी अडवतं. आयफोनवाल्यांना इथे थोडा दिलासा आहे: आयक्लाउडचं शोधण्याचं पान पासवर्डवर उघडतं, सहा आकडी कोडची वाट बघावी लागत नाही.

अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. दोन-तीन वेळा चुकला की थांबा. पुढे खातंच काही काळ अडकून पडतं आणि मग कुलूपही लावता येत नाही.

आत गेल्यावर नकाशातल्या ठिपक्याआधी त्याच्याखालची वेळ वाचा. ‘आत्ता’ असेल तर फोन तिथे आहे. दोन तासांपूर्वीची वेळ असेल तर फोन तिथे होता, एवढाच अर्थ. फोन बंद असला तरी काही नव्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आसपासच्या इतर फोनच्या ब्लूटूथवरून ठिकाण कळू शकतं, त्यामुळे ‘ऑफलाइन’ दिसलं म्हणून पान बंद करू नका. जुन्या लेखांत गूगल मॅप्सची टाइमलाइन बघायला सांगतात. ती आता फोनमध्येच साठते, म्हणून दुसऱ्या यंत्रावरून बहुधा हाती काही लागत नाही.

ठिपका घरीच किंवा बाजारात दाखवत असेल तर ‘आवाज वाजवा’ दाबा. फोन सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजतो. भाताच्या डब्यामागे, गोणीखाली, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानात गेलेले फोन असेच सापडतात.

ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ असतं ते ठिकाण किती चुकू शकतं ते दाखवतं. बागा-कळंगुटच्या गल्लीत त्या एका वर्तुळात दोन गेस्ट हाउस, एक शॅक आणि तीन घरं मावतात. कुणाच्या दारावर जाऊन ‘माझा फोन काढ’ म्हणायला ते पुरेसं नाही. ठिपका हलताना दिसला, पत्रादेवीच्या दिशेने किंवा चोर्ल्याकडे, म्हणजे राज्याच्या सीमेकडे निघाला, तर पाठलाग करू नका. स्क्रीनचा फोटो वेळेसह काढा आणि ११२ ला कळवा. एकट्याने गेलेल्या माणसाला मारहाण झाल्याचं मी पाहिलंय, आणि फोनही मिळाला नव्हता.

तिसरी तपासणी: कुलूप लावा, पुसू नका

फाइंड हबमध्ये ‘हरवला म्हणून नोंदवा’, आयफोनमध्ये ‘लॉस्ट मोड’. हे दाबलं की फोनला कुलूप लागतं आणि पडद्यावर तुमचा संदेश व दुसरा नंबर दिसतो. संदेश साधा ठेवा: ‘हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरवर कळवा.’ घरचा पत्ता लिहू नका. फोनला इंटरनेट नसेल तर हुकूम वाट बघतो आणि फोन नेटवर आला की लागू होतो. म्हणून फोन बंद असला तरी हे करूनच ठेवा.

शेजारीच ‘डेटा पुसा’ असं बटण असतं. घाबरलेला माणूस आधी तेच दाबतो. अँड्रॉइड फोन पुसला गेला की फाइंड हबवर त्याचं ठिकाण दिसणं बंद होतं. स्क्रीनला चांगला पिन आहे, फिंगरप्रिंट आहे, तर पुसायची घाई नको. कुलूपच नव्हतं किंवा पॅटर्न सगळ्यांसमोर काढायची सवय होती, तर मात्र पुसलेलं बरं.

आणखी एक: खात्याच्या यादीतून तो फोन ‘काढून टाका’ असं कधीही करू नका. फोन पुसला तरी आधीचं खातं मागितलं जातं, हीच चोराची मोठी अडचण असते. फोन यादीतून काढला की आयफोनचं ॲक्टिव्हेशन लॉक सुटतं आणि चोराला तो विकता येतो. त्यासाठीच काही दिवसांनी मेसेज येतो: ‘तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण बघण्यासाठी इथे दाबा.’ खाली ॲपलसारखं दिसणारं पान असतं. तिथे पासवर्ड टाकला की फोन आणि खातं दोन्ही गेलं. या मेसेजमधली लिंक उघडूच नका, कितीही आशा वाटली तरी.

चौथी तपासणी: सिम कधी बंद करायचं

खरा पेच इथे आहे. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट जातं आणि नकाशावरचा ठिपका बहुधा गोठतो. सिम चालू ठेवलं तर तुमचे सगळे ओटीपी चोराच्या हातात.

माझं मत सांगतो. फोन पडला असावा असं वाटतंय, स्क्रीनला पिन आहे, आणि कव्हरात काही नव्हतं, तर कुलूप लावून अर्धा तास शोधा. चोरीचं एकही लक्षण दिसलं तर कुलूप लावा आणि लगेच सिम बंद करा. गूगलमध्ये शिरताच येत नसेल तर वाट न बघता सिम बंद करा, कारण कुलूप लागलेलं नाही आणि तुमच्या हातात दुसरं काहीच नाही.

एवढा आग्रह का, ते समजून घ्या. फोनला कितीही कुलूप असलं तरी सिमचा ट्रे एका टाचणीने उघडतो. सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं की तुमच्या नंबरवर येणारा प्रत्येक ओटीपी तिथे दिसतो. यूपीआय ॲप नव्या फोनवर नोंदवताना सिममधून बँकेला मेसेज जातो, म्हणजे ते सिम चोराजवळ असल्यावर नोंदणी होऊ शकते. पुढे यूपीआय पिन लागतो. तो नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी मागतात. काही बँका एटीएमचा पिनही मागतात.

आता कव्हराकडे या. शिवोलीच्या एक काकी शुक्रवारी भाजी विकायला येतात. फोन पिशवीतून गेला होता. मी विचारलं, “काकी, कव्हरात काय होतं?” म्हणाल्या, “कार्ड होतं रे. आधारची झेरॉक्स होती. आणि कार्डाचा नंबर विसरते म्हणून चार आकडे लिहिलेला कागद.” सिम, कार्ड, पिन, आधार, सगळं एका हातात. आम्ही नकाशा उघडलाच नाही. आधी बँकेला फोन, मग सिम. काकींचे पैसे वाचले.

सिम बंद करायला त्याच कंपनीचं सिम असलेल्या दुसऱ्या फोनवरून १९८ लावा किंवा कंपनीच्या दुकानात जा. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही बंद करा. बँकेला जोडलेलं बऱ्याचदा ते दुसरं, फारसं न वापरलेलं सिम असतं.

पाचवी तपासणी: बँक आणि व्हॉट्सॲप

बँकेच्या हेल्पलाइनचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. गूगलवर शोधू नका, खोटे नंबर तिथेच पेरलेले असतात. कार्ड, यूपीआय आणि मोबाइल बँकिंग तिन्ही थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक वेळेसकट लिहून घ्या. ही वेळ पुढे उपयोगी पडते: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांनुसार, तुम्ही कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. यूपीआय लाइट चालू असेल तर तेही आवर्जून सांगा. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो.

गाडेवाल्यांना आणि दुकानदारांना सांगतो, क्यूआर कोडचा बोर्ड उतरवायची गरज नाही. गिऱ्हाइकाचे पैसे फोनमध्ये येत नाहीत, खात्यात येतात. आवाज करणाऱ्या डब्यालाही त्याचं स्वतःचं सिम असतं.

व्हॉट्सॲप सिम बंद झाल्यावरही वायफायवर चालू राहू शकतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नवं सिम मिळालं की पहिल्यांदा व्हॉट्सॲप त्याच नंबरवर नव्या फोनमध्ये नोंदवा, म्हणजे जुन्यातून ते आपोआप बाहेर पडतं. तोपर्यंत घरच्यांना आणि गिऱ्हाइकांना कळवा की या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका. ज्यांच्या रूमचं किंवा टॅक्सीचं बुकिंग व्हॉट्सॲपवर येतं त्यांनी हे त्याच दिवशी करावं, नाहीतर पर्यटकाकडून आगाऊ रक्कम दुसराच उकळतो.

सहावी तपासणी: नवं सिम, पोलीस, मग सीईआयआर

इथून पुढे कागद लागतात. हा क्रमही ठरलेला आहे.

आधी त्याच नंबरचं नवं सिम. ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच जावं लागतं, ओळखपत्र घेऊन. बायको वापरते ते सिम नवऱ्याच्या नावावर आणि नवरा जहाजावर, असं आपल्याकडे घरोघरी आहे. अशी घरं इथे अडकतात. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हा सुरक्षेचा नियम आहे, सिम खराब नाही. ओटीपी येत नाही म्हणून पुन्हा सिम बदलायला जाऊ नका. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीतही नेता येत नाही.

ते २४ तास पोलीस तक्रारीत घालवा. फोन जिथे गेला त्या हद्दीचं ठाणं सोयीचं: हणजूणला गेला तर हणजूण, बागा बीचवर गेला तर कळंगुट. प्रवासात नेमकी हद्द कळत नसेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात चोरीची खबर देता येते, तिला शून्य एफआयआर म्हणतात. हरवला असेल तर हरवला लिहा, चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. हिसकावून नेला असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ आणि हिसकावण्याला वेगळं कलम ३०४ आहे. तक्रारीत आयएमईआय नंबर लिहिलाय ना ते सही करण्याआधी बघा.

आयएमईआय म्हणजे हँडसेटचा १५ आकडी नंबर, दोन सिमच्या फोनला दोन. खोक्यावरच्या स्टिकरवर असतो, बिलावर असतो, फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीतही दिसतो. खोकं फेकलं असेल तर ज्या दुकानातून फोन घेतला तिथे जा, बिलाची नोंद असते.

एसएमएस सुरू झाले की ‘संचार साथी’ उघडा. दूरसंचार विभागाचं हे पोर्टल मे २०२३ मध्ये आलं, ॲप जानेवारी २०२५ मध्ये. त्यात हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन अडवण्याची सोय आहे, तीच सीईआयआर. दोन्ही आयएमईआय, खरेदीचं बिल, पोलीस तक्रारीची प्रत आणि क्रमांक, ओळखपत्र, आणि त्याच नंबरवर येणारा ओटीपी लागतो. अर्ज झाल्यावर विनंती क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून घरात ठेवा, फोन सापडल्यावर त्याच्याशिवाय अडतं. साधारण दिवसभरात तो हँडसेट देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. बेळगावला विकला, सावंतवाडीत विकला, तरी सिम चालत नाही. कुणी त्यात सिम घालून बघितलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. बंद केल्याने शोध थांबत नाही.

पाण्यात पडलेल्या फोनसाठी, म्हणजे चोडणच्या फेरीबोटीवरून नदीत गेला वगैरे, एवढं करायची गरज नाही. नवं सिम घ्या, खात्यांचे पासवर्ड बदला.

इथे थांबा, पुढचं काम तुमचं नाही

पैसे गेलेले असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून १९३० लावा. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, आणि रक्कम मोठी असेल तर रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्टेशनला कागद घेऊन जा.

ठिपका कुणाच्या घरात, खोलीवर किंवा दुकानात दिसतोय: पोलिसांना घेऊन जा, तुम्ही बाहेर थांबा.

फोन परत देण्यासाठी कुणी पैसे मागतोय: पाठवू नका, नंबर पोलिसांना द्या.

आणि कुणी म्हणत असेल की पाचशे-हजार द्या, आयएमईआयवरून लोकेशन काढून देतो, तर तिथून उठा. आयएमईआयवरून ठिकाण काढणारं कुठलंही ॲप किंवा संकेतस्थळ सामान्य माणसाला मिळत नाही. ते काम पोलीस टेलिकॉम कंपन्यांमार्फत करतात. आम्हा दुरुस्तीवाल्यांकडेही तसं मशीन नाही. सापडलेल्या फोनचा आयएमईआय बदलून देणारा दुकानदार तर सरळ गुन्हा करतोय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

फोन हातात असेल त्यांनी आजच करायचं

सिमला पिन लावा, सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतं. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी तो पिन मागितला जाईल. तीन वेळा चुकला की पीयूके, म्हणजे सिम कंपनीकडचा सोडवण्याचा कोड लागतो, म्हणून पिन लक्षात राहील असाच ठेवा. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही, ही त्याची मोठी सोय.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. बंद कुलपाच्या फोनवर ओटीपी वाचता येत असेल तर कुलपाचा उपयोग काय? शक्य असेल तिथे कुलूप असताना वरची पट्टी ओढता येणार नाही अशी सेटिंग करा, म्हणजे चोराला झटकन एअरप्लेन मोड लावता येत नाही. अँड्रॉइडमध्ये ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ आणि आयफोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू करा.

स्टार हॅश शून्य सहा हॅश, म्हणजे *#०६#, दाबा. येणारे दोन्ही नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, शेजारी आपला जीमेल लिहा. कव्हरातलं कार्ड आत्ता काढा.

जुना फोन विकत घेणाऱ्यांसाठी: ‘केवायएम’ इंग्रजीत लिहून एक जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा. काळ्या यादीतला असेल तर तसं उत्तर येतं. बिल नसलेला स्वस्त फोन घेऊ नका, चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे.

फोन परत मिळाला तर

पोलिसांकडून फोन मिळाल्यावर लगेच आपलं सिम घालून वापरायला सुरुवात करू नका. आधी फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करा, कारण मधल्या काळात त्यात काय घातलं गेलं ते बाहेरून कळत नाही. मग संचार साथीवर विनंती क्रमांक टाकून फोन मोकळा करून घ्या. हे राहिलं तर हँडसेट चालू होतो पण नेटवर्क येत नाही, आणि लोक तो अँटेना गेला म्हणून दुरुस्तीला आणतात. यूपीआय सगळ्यात शेवटी, नव्या पिनसह.